कलमकारी साडी : घेताना, नेसताना, जपताना

लग्नसराई जवळ आली की घरोघर बरीच्या कपड्यांचा हिशेब सुरू होतो. निकाहचा जोडा ठरलेला असतो, पण वलीम्यानंतर सुनेला नेसायला किंवा विहीणबाईंना द्यायला एखादी वेगळी साडी हवी असते. अशा वेळी कलमकारीचे नाव हमखास निघते. दुकानदार ‘हँडपेंटेड’ म्हणतो, भाव चढा सांगतो आणि आपण मुकाट्याने पैसे मोजतो. यातल्या कितीतरी साड्यांना कलम लागलेलेच नसते. म्हणून भगिनींनो, यंदाच्या खरेदीआधी या साडीची थोडी ओळख करून घेऊ या.

कलमकारी हा शब्द आपल्या कानाला परका नाही. पहिल्या वहीत ज्याचा उल्लेख आले तेच हे कलम. ‘कारी’ म्हणजे काम. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मछलीपट्टणम हे मोठे बंदर होते आणि तिथले रंगीत सुती कापड इराणला जात असे. सरूची झाडे, वेलबुट्टी, मेहराबीच्या कमानी ही नक्षी त्या व्यापारातूनच तिथल्या कापडावर रुळली. दुसरी शाखा श्रीकाळहस्तीची, स्वर्णमुखी नदीच्या काठची. तिथे देवळांसाठी रामायण-महाभारताची चित्रे काढलेले पडदे होत. दोन्ही गावे आंध्र प्रदेशातच आहेत, पण कामाची पद्धत वेगळी. मछलीपट्टणम आणि जवळच्या पेडना गावात आज लाकडी ठशांनी छपाई होते. श्रीकाळहस्तीला रेघ हातानेच ओढतात. बाजारात यांना ‘ब्लॉक कलमकारी’ आणि ‘पेन कलमकारी’ म्हणतात. हाताने रंगवलेली साडी हवी असेल तर ‘पेन’ असा शब्द उच्चारून मागावी.

पेनच्या कामाला वेळ का लागतो, तेही पाहा. कापड आधी हिरडा आणि म्हशीचे दूध यांच्या मिश्रणात बुडवून वाळवतात. दुधातल्या स्निग्धपणामुळे रंग फुटत नाही. चिंचेच्या काडीच्या कोळशाने कच्चे चित्र काढतात. मग बांबूच्या टोकदार काडीवर लोकर गुंडाळून केलेले कलम हातात येते. काळा रंग लोखंडाचे तुकडे आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस कुजवून तयार होतो. तो हिरड्याच्या संगतीने कापडावर काळा पडतो. लालसाठी आधी तुरटी लावतात, मग मंजिष्ठासारख्या मुळांच्या पाण्यात कापड उकळतात. निळा नीळीचा. दर रंगानंतर धुणे, वाळवणे आणि पुन्हा रंगवणे. एका साडीला कित्येक आठवडे सहज जातात. तेव्हा पाच-सातशे रुपयांत कोणी ‘हाताने रंगवलेली’ साडी देत असेल, तर ती छापीलच समजावी.

आता पारख. साडी पूर्ण उलगडून उजेडात धरावी. एकच फूल चार ठिकाणी शोधावे. चारही तंतोतंत सारखी असतील तर ते यंत्राचे किंवा ठशाचे काम. हाताची रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. मग कापड उलटे करावे. नैसर्गिक रंग धाग्यात मुरतो, म्हणून मागेही रेघ दिसते; स्वस्त छपाईत मागची बाजू फिकट किंवा पांढरी राहते. नक्षीवरून बोट फिरवावे. रंगाचा थर कडक लागला तर तो वरून चढवलेला फॅब्रिक पेंट आहे. नव्या सुती कलमकारीला हिरड्या-दुधाचा किंचित वासही येतो. रेशमी साडीवर रासायनिक रंग असतील तर तसे विचारून घ्यावे. धुण्याची रीत त्यावर ठरते.

आपल्या घरात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. सजीवांच्या आकृती असलेल्या कपड्यांत नमाज पढणे उलेमांनी मकरूह सांगितले आहे. श्रीकाळहस्तीच्या साड्यांवर माणसांचे चेहरे सर्रास असतात. ‘फक्त फुलांची’ म्हणून दाखवलेल्या साडीतही पदराच्या वेलीत पोपट आणि मोर बसलेले असतात. पदर नीट तपासावा आणि वेलबुट्टी, कमळ, आंबे, जीवनवृक्ष अशी नक्षी मागावी. तिथल्या कारागिरांकडे तीही असते.

छापील साडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. ठशांची कलमकारी सुंदर असते, रोजच्या वापराला बरी पडते आणि खिशालाही झेपते. कर्ज काढून पेनची साडी बरीत ठेवण्यापेक्षा छापील म्हणून घेतलेली छापील साडी कितीतरी चांगली. प्रश्न आहे तो खोटे सांगून विकण्याचा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ती लोकांना दिसेल अशी वर का ठेवली नाही, असे व्यापाऱ्याला विचारले. कापडाच्या दुकानातही तोच प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे. बिलावर ‘हाताने रंगवलेली’ असे लिहून मागावे. जो प्रामाणिक असेल तो लिहून देईल. जो टाळाटाळ करील त्याच्याकडून छापील साडीच्या भावानेच घ्यावी, नाहीतर पुढचे दुकान गाठावे. खोट्याला खऱ्याचा भाव मिळत राहिला तर महिनाभर कलम चालवणाऱ्याने पोट कशावर भरावे?

नेसताना साडीलाच बोलू द्यावे. ब्लाउज साधा, एकरंगी, पूर्ण बाह्यांचा. साडीतलाच मातकट लाल किंवा नीळ निवडला की झाले. दुपट्टा किंवा हिजाब वापरणाऱ्यांनीही तोच रंग घ्यावा. पदराच्या बारीक निऱ्या केल्या तर सगळे काम त्यात लपते, म्हणून पदर मोकळा सोडावा. डोक्यावरून घेणाऱ्यांना तो तसाच सोयीचा पडतो. अंगावर जरी-खड्यांचे भारी दागिने नकोत. खडे रंगावर घासतात.

जपणूक अवघड नाही. सुती साडी पहिले तीन-चार वेळा वेगळी, थंड पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवावी. भिजत ठेवू नये, पिळू नये. सावलीत उलटी वाळत घालावी. धुण्याचा सोडा आणि ब्लीच यांपासून दूर ठेवावी, सोड्याने लाल रंग बिघडतो. दावतीत बिर्याणीवर लिंबू पिळताना पदर सावरावा, कारण लोखंडाचा काळा रंग आंबटाने उडतो. थेंब पडलाच तर लगेच साध्या पाण्याने टिपावा. इत्तर कापडावर न लावता मनगटावर लावावे. इस्त्री उलट्या बाजूने करावी. रेशमी साडी ड्रायक्लीनला द्यावी.

साडी मलमलच्या कापडात गुंडाळून, कडुलिंबाच्या वाळक्या पाल्यासोबत ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेले कापड तिथेच विरते. त्याहून सोपा उपाय म्हणजे ती नेसणे. ईदला, अकीक्याला, माहेरी जाताना बाहेर काढावी. हवा लागते, घडी मोडते आणि ज्याने महिनाभर राबून ती रंगवली त्याचे कामही चार जणांना दिसते.