कुत्रा चावण्याआधी बोलतो

कुत्रा चावलेला रुग्ण आला, की जखम धुता धुता मी एक प्रश्न हमखास विचारतो. चावण्याआधी कुत्र्याने काय केले? उत्तर बहुधा ठरलेले असते. "काही नाही डॉक्टरसाहेब, एकदम चावला." माझे मत असे, की पिसाळलेला कुत्रा सोडला तर एकदम चावणारा कुत्रा विरळा. तो आधी बोलतो. आपले लक्ष नसते, आणि पुष्कळदा त्याचे बोलणे आपणच काठीने बंद केलेले असते.

आमच्या कोरीटकडे कुत्रा हौसेसाठी कमी आणि राखणीसाठी जास्त पाळतात. मळ्यात, खळ्यावर, अंगणात तो असायचाच. त्याला शिकवणे म्हणजे साखळीला हिसका, चपलेचा फटका, फार तर एक वेळ उपाशी ठेवणे. जनावर धाकात असावे, असे चार बुके शिकलेली माणसेही सांगतात.

हीच माणसे दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेली, की कशी वागतात ते पाहा. घोड्याजवळ जाण्याआधी त्याच्या कानांकडे नजर जाते. कान मागे पडले, की गिऱ्हाईक दोन पावले मागे सरकते. बैलाच्या डोळ्यावरून त्याचा राग ओळखणारे तर घरोघरी आहेत. मग दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसलेल्या कुत्र्याचीच भाषा तेवढी आपल्याला का येऊ नये?

ती फार अवघड नाही. झोप आलेली नसताना कुत्रा जांभई देतो, समोर खाणे नसताना नाक चाटतो, तोंड दुसरीकडे वळवतो, पुढचा एक पाय उचलून धरतो. यातली एखादी गोष्ट एकटी पाहून काही ठरवू नये, पण सगळ्या मिळून बहुधा अर्थ एकच, "मला हे नको आहे." तरीही आपण थांबलो नाही, तर अंग ताठ होते आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसू लागते. शेपटीबद्दल तर मोठाच गैरसमज आहे. शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश, असे नाही. सैल अंगाने कमरेपासून हलणारी शेपूट वेगळी, आणि ताठ उभी राहून बारीक थरथरणारी वेगळी. दुसरी दिसली तर हात मागे घ्यावा.

यानंतर येते ते गुरगुरणे. ही शेवटची नोटीस समजा. आणि नेमके यासाठीच आपण त्याला मारतो! काही वर्षांपूर्वी गालाला चावा घेतलेला एक लहान मुलगा माझ्याकडे आणला होता. कुत्रा घरचाच. वडील म्हणाले, "आधी गुरगुरायचा साहेब, पण मारून मारून ती खोड मोडली होती." खोड मोडली ती गुरगुरण्याची. भाकरी खाताना कोणी जवळ आलेले त्याला खपत नव्हते, ते तसेच राहिले. घंटा काढून घेतलेली सायकल अंगावर यावी, तसा प्रकार.

"कुत्र्याला मालक कोण ते दाखवावेच लागते," हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. त्याचे मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांची वरचढपणासाठी होणारी भांडणे नोंदवली. पुढे रानातल्या लांडग्यांमध्ये वर्षानुवर्षे काढलेल्या डेव्हिड मेक यांनी १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिले, म्हणजे एक कुटुंबच. कोंडवाड्यातल्या गुरांवरून गावातल्या गोठ्याचा अंदाज बांधावा, तसे हे झाले होते.

मग शिकवायचे कसे? भाकरीचा तुकडा पुरतो. तुकडा त्याच्या नाकापुढून हळूच डोक्यावर न्या. मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. टेकले, की त्याच क्षणी तुकडा द्या. दोन मिनिटांनी दिला तर तो कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही. काही दिवसांत "बस" म्हटले की तो बसू लागतो. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवून उभे राहा, चारही पाय जमिनीवर आले की लक्ष द्या. खाताना गुरगुरणाऱ्या कुत्र्याचे ताट ओढू नका. लांबूनच एखादा चांगला तुकडा टाकून निघून जा, म्हणजे माणूस आला की ताटात भर पडते, हे हळूहळू त्याला पटते. वेळ लागतो. काठीने काम लवकर होते, हे मलाही मान्य आहे, पण ते कसले काम ते वर सांगितलेच.

मुलांना मात्र आजच सांगा. झोपलेल्या, खाणाऱ्या, बांधलेल्या कुत्र्याला आणि पिले असलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही. लहान मुलांना दात विचकलेला कुत्रा हसतोय असे वाटू शकते, म्हणून कुत्रा कितीही गरीब असला तरी त्यांना त्याच्याजवळ एकटे सोडू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, झाडासारखे गप्प उभे राहायचे.

एवढे करूनही चावलाच, तर त्याची भाषा बाजूला ठेवा. घरचा असो वा गल्लीतला, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. मिरचीचा बाजार आपल्या नंदुरबारला आहे, म्हणून मिरचीपूड जखमेवर भरायची नाही. चुना, हळद, तेलही नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, तिथे लस मोफत मिळते. रेबीज एकदा अंगात दिसू लागला, की रुग्ण वाचत नाही म्हटले तरी चालेल. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावे लागते, ते आवर्जून विचारा. पोटातल्या १४ इंजेक्शनांच्या भीतीने अजूनही काही जण येत नाहीत. ती जुनी लस आपल्याकडे २००४-०५ मध्येच बंद झाली. आता सुई दंडावर घेतात. कातडीत देण्याची पद्धत असेल तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यावे लागते, आणि ही शेवटची तारीखच लोक चुकवतात.