ऑगस्टाचे श्रेय एकट्याचे नाही



ऑगस्टा नॅशनलचे गोल्फ मैदान ॲलिस्टर मॅकेंझींनी आखले तसेच आजही आहे, हे गेल्या अंकातील लेखातले विधान टिकणारे नाही. मॅकेंझी जानेवारी १९३४ मध्ये वारले. तिथली पहिली स्पर्धाही त्यांनी पाहिली नाही. त्या स्पर्धेनंतर पहिल्या आणि शेवटच्या नऊ होलांची अदलाबदल झाली. दहाव्या होलचे ग्रीन १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल यांनी मागे, उंचावर नेले. जुन्या ग्रीनजवळचा मॅकेंझींचा बंकर तिथेच राहिला आणि आता फारशी कोणाची वाट न अडवता फेअरवेत पसरलेला आहे! सोळावे होल १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी नव्याने आखले. मूळ नकाशा, जुनी छायाचित्रे आणि फेरफारांची साले ताडून न पाहता लिहिलेला इतिहास ही जाहिरातच. पुढील अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक