बाळंतिणीच्या कागदावरील तीन अक्षरे

बाळंतिणीच्या कागदावर 'पी.पी.एच.' एवढे खरडले की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या दवाखान्यांना आमचा रोखठोक सवाल आहे : ही अक्षरे वाचायची कोणी?

अर्थ साधा आहे. बाळंतपणानंतर चोवीस तासांत 500 मिलिलिटर वा अधिक रक्त जाणे. गर्भाशय आकसले नाही, वारेचा तुकडा आत राहिला, की ते वाहते; आणि बाळंतीण घरी परतल्यावरही कित्येक आठवडे हा धोका पुरता टळत नाही.

बेळगावला हे नवे नव्हे! याच जिल्ह्यातील 1,620 खेडूत स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल गोळीची चाचणी झाली. निष्कर्ष 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी न मिळालेल्यांत असा रक्तस्राव शेकडा 12, मिळालेल्यांत 6.4. जगाला हे कळले. बाळंतिणीच्या सासूला कोणी सांगितले?

कोशातून 'प्रसवोत्तर रक्तस्राव' हा धोंडा उचलून आणल्यानेही भागणार नाही. 'अंगावरून फार जाणे' हे आमच्या घरातले शब्द, तेच लिहा. 'प्री-एक्लॅम्पसिया'चेही तसेच. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 वा त्याहून वर, बहुधा लघवीतून प्रथिने, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी आणि मग झटके; तेही कधी बाळंतपण उरकल्यावर. अशा वेळी अंगारा लावणारे घर चुकते खरे, परंतु त्या घराला दुसरे काही ठाऊक करून दिले होते काय?

घरी धाडताना कागदावर स्वच्छ मराठीत लिहा : तासाभरात घडी पूर्ण भिजली, डोके ठणकले वा झटका आला, तर मध्यरात्र असली तरी गाडी करून तडक दवाखाना गाठा.