दहा रुपयांच्या आतला इतिहास

इजिप्तच्या राजांना सोन्याचा तोटा नव्हता. तरीही इसवी सनापूर्वी २६५०च्या सुमारास सक्कारा येथील पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली जोसर राजासाठी दालने सजली, ती फायन्सच्या हजारो निळ्या-हिरव्या फरशांनी. फायन्स म्हणजे गारगोटीचा चुरा, थोडा चुना, खार आणि रंगापुरते तांबे. मिश्रण वाळताना खार वर फुटतो आणि भट्टीत त्याचीच काच होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला जेमतेम वीतभर निळा पाणघोडा असाच घडला आहे. नदीतली कमळे त्याच्या अंगावरच रंगवली आहेत, आणि परलोकात त्याने मृताला इजा करू नये म्हणून तीन पाय मुद्दाम मोडले होते. फायन्सला पिरोजाची स्वस्त नक्कल म्हणणे मला पटत नाही. ज्याला खरा पिरोजा परवडत होता, त्या राजाने निव्वळ नक्कल कशाला लावली असती?

वस्तूचे मोल कशावरून ठरवायचे, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातल्या पालमच्या माणसाच्याही कामाचा आहे. गोदाकाठच्या गावांत माळवदासाठी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची माती, उकरली जाते. तिच्यातून मणी, खापरे, बांगड्यांचे तुकडे निघतात आणि मातीबरोबर जातात. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठण आणि तगर, म्हणजे आपले तेर, यांची नावे नोंदवली. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती बाहुली लोक आवर्जून पाहतात. मण्यांपाशी कोणी थांबत नाही. कायद्याची नजरही तशीच. १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीतला ऐवज दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल, तरच जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. काचमण्याला बाजारात कोण दहा रुपये देणार?

मंदिरे ढासळत असताना मण्यांचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. मंदिरांना निधी हवाच, त्यात वाद नाही. पण मंदिर उद्याही जागेवर सापडेल. मणी जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला, कशासोबत होता, हे कायमचे गेले. शिवाय मण्याची नोंद ठेवायला खर्च तो किती? गट नंबर, खोली, तारीख आणि मोबाइलवरचा एक फोटो. प्रत्येक खापराची नोंद अशक्य आहे, हे मान्य. पण पांढरी उकरण्याआधी ग्रामपंचायतीने पुरातत्त्व विभागाला एक पत्र धाडावे, आणि विभागाने त्या पत्राला उत्तर द्यावे, एवढे तर या पावसाळ्यापूर्वी होऊ शकते.