टाकणे म्हणजे त्याग नव्हे

शनिश्चरी अमावास्येस उज्जैनच्या त्रिवेणी घाटावर सहस्रावधी भाविक क्षिप्रेत स्नान करतात, शनिदेवाचे दर्शन घेतात आणि पीडा टळावी म्हणून वस्त्रे व पादत्राणे तेथेच सोडून जातात. मागे ढीग उरतात. ते गोळा करून त्यांचा लिलाव करण्याचे काम प्रशासनाच्या माथी येते. या प्रकारास कित्येक सज्जन त्याग म्हणतात. आम्ही म्हणत नाही.

जुना जोड घाटावर ठेवून वाटेतच नवा विकत घेणाऱ्याने सोडले तरी काय? वकिली भाषेत सांगावयाचे तर वस्तूवरील स्वामित्व सुटले, स्वामित्वाची हाव तशीच राहिली. आणि हा भार पडतो कोणाच्या काठी? क्षिप्रेचे स्वतःचे पाणी पुरेना, म्हणून २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी तिच्यात आणावे लागले, व त्या उसन्या पाण्यावर २०१६ च्या सिंहस्थाची स्नाने झाली. जी नदी स्वतःच याचक झाली, तिच्या पदरात आम्ही आमची अडगळ घालावी काय?

कोणी म्हणेल, श्रीमंतांनी संग्रह केला नसता तर देवळे कशी उभी राहिली असती? आक्षेप रास्त आहे. त्यास उत्तर दिलेच पाहिजे. इ. स. १२३५ च्या सुमारास अल्तमशाने उद्ध्वस्त केलेले महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले, ते राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. हे नाव आपल्या वाचकांस अभिमानाचे आहे. परंतु त्यांच्या घरी किती पोशाख होते, हे आज कोणी विचारीत नाही. हातातून जे पुढे गेले, तेच टिकले. त्यांचा दाखला देऊन आपली कपाटे भरणाऱ्यांनी निदान एवढे ध्यानात घ्यावे.

खरा दंडक मध्य प्रदेशातीलच एका दाव्यात सापडतो. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की देवस्थानच्या जमिनीची मालक देवता होय. पुजारी केवळ व्यवस्थापक, मालकीच्या रकान्यात त्याचे नाव नको. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचे ५१ वे कलमही विश्वस्तास न्यासाची मालमत्ता स्वतःच्या लाभासाठी वापरू देत नाही. देवळाच्या कारभारात पुजाऱ्याकडून, विश्वस्ताकडून आपण ही शिस्त कडकपणे मागतो. मग ‘सर्व काही देवाचे’ असे नित्य म्हणणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या घरात मात्र मालक म्हणून का वावरावे? तोही वहिवाटदारच. गरजेपुरते घ्यावे, घेतलेले जपून वापरावे, उरलेले कामाचे असतानाच गरजूच्या हाती द्यावे, एवढाच त्याचा अधिकार. फाटके दान करणे हा दात्याचा केवळ सफाईचा कार्यक्रम होय.

सिंहस्थ पुन्हा २०२८ मध्ये येत आहे. कित्येक कुटुंबे आतापासून बेत करीत असतील. त्यांस आमचे नम्र पण स्पष्ट सांगणे आहे: श्रद्धा अवश्य न्यावी, सामान थोडे न्यावे, आणि जेवढे नेले तेवढे परत आणावे. सोडावयाचेच असेल तर नवी वस्तू दुकानाच्या दारातच सोडावी. तिथे ती सोडणे कठीण जाते. म्हणूनच त्यास त्याग म्हणता येईल.