पाट आधी, पंप मग

रत्नागिरी जिल्ह्यात उन्हाळा चढू लागला की टंचाई आराखड्याच्या बैठका होतात, टँकर फिरू लागतात, आणि मृगाचा पहिला दणका बसला की फाईल बंद होते. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाड्यांची नावं, त्याच क्रमाने. म्हणून हे मुद्दे मुद्दाम पावसाळ्याच्या बाहेर मांडतो आहे. मागणी साधी आहे. वाडीच्या वरच्या अंगाला पाणी असेल तर ते उताराने आणता येतं का, हे आधी पाहावं. पंपाचं अंदाजपत्रक त्यानंतर.

१. आपल्याकडे पावसाची कमतरता नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण बहुतेक सगळा चार महिन्यांत. सह्याद्रीच्या माथ्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, त्यामुळे नद्यांना रेंगाळायला जागाच नाही. त्यात वर जांभ्याचा कातळ. जांभा सच्छिद्र, पाणी पटकन पितो आणि पटकन सोडतोही. पण जांभ्याचा थर संपून खाली चिकणमाती किंवा काळा पाषाण लागतो, तिथं हे मुरलेलं पाणी डोंगराच्या कुशीतून बाहेर येतं. आपले बहुतेक झरे असे वस्तीच्या वरच्या किंवा बाजूच्या उतारावर आहेत. निसर्गाने टाकी उंचावर बांधून दिली आहे. आपण खाली विंधण विहीर खणतो, पाणी वर चढवतो आणि विजेचं बिल थकवतो.

२. उताराने पाणी आणणं कोकणाला नवीन नाही. दापोली तालुक्यातल्या आसूदला केशवराजाच्या देवळात गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलं आहे. नारळी-पोफळीच्या बागांतून उतरायचं, वहाळावरचा साकव ओलांडायचा, पायऱ्या चढायच्या, की देवळाच्या आवारात गोमुखातून पाणी पडत असतं. मोटार नाही, टाकी नाही. वरच्या अंगाच्या झऱ्याचं पाणी दगडी पन्हळीतून येतं, एवढंच. बहुतेक लोक हात-पाय धुतात, तीर्थ म्हणून ओंजळभर पितात, फोटो काढतात आणि निघतात. पन्हळीच्या कडेने उलट वर चालत जाणारा विरळाच. एकदा जावं. कारागिरी गोमुखात नाही, त्या वाटेत आहे. पाणी कुठं वळवलं, उतार कुठं सौम्य ठेवला, हे तिथं दिसतं. पाट जास्त उताराचा काढला तर पाणी काठ खातं, कमी उताराचा काढला तर गाळ बसतो. हातात दुर्बीण नसताना हा अंदाज बांधणाऱ्या माणसांची नावं कुठल्याही शिलालेखावर नाहीत.

देवळाची पन्हळ दगडाची, पण आगरातली बहुधा पोफळीच्या खोडाची. खोड उभं चिरायचं, आतला गाभा काढायचा, एकाचं टोक दुसऱ्यावर ठेवायचं आणि पाणी झाडाच्या आळ्यापर्यंत न्यायचं. दोन-चार पावसाळ्यांत खोड कुजलं की नवीन. पाट जपा म्हणतो तेव्हा पोफळीचं खोड परत आणा असं मला म्हणायचं नाही. जुन्या पाटाच्या मार्गावरून प्लॅस्टिकचा चांगला नळ टाकला तर पाणी स्वच्छ राहतं, पालापाचोळा पडत नाही, गुरं तोंड घालत नाहीत. जपायची आहे ती रेषा. ती कुणीतरी आधीच आखून दिलेली आहे, तिच्या सर्वेक्षणाचं शुल्क कुणी मागणार नाही.

३. जगात या विद्येचं मोठं नाव रोमनांचं. फ्रान्समधल्या नीम शहरासाठी पहिल्या शतकात त्यांनी साधारण ५० किलोमीटर लांबीचा जलमार्ग बांधला. एवढ्या प्रवासात पाणी खाली उतरतं जेमतेम १२-१३ मीटर, म्हणजे किलोमीटरमागे वीतभर. गार्द नदीवरची ती प्रसिद्ध तीन मजली कमान एवढी उंच आहे ती पाण्याची पातळी वाया जाऊ नये म्हणून. त्यांची सगळी हुशारी उतार वाचवण्यात खर्च झाली.

आपली अडचण बरोबर उलटी. आपल्याला उतार जास्त आहे. झरा वाडीपेक्षा १०० मीटर उंच असला तर नळाच्या खालच्या टोकाला सुमारे १० किलोचा दाब येतो आणि स्वस्तातले सांधे फुटतात. उपाय अवघड नाही. मध्ये एक-दोन ठिकाणी उघड्या टाक्या ठेवायच्या. पाणी तिथं हवेत पडतं, साठलेला दाब संपतो, आणि पुढचा प्रवास नव्याने सुरू होतो. पाण्याच्या प्रत्येक योजनेत पंप किती अश्वशक्तीचा हे ठळक लिहिलेलं असतं. दाब तोडणाऱ्या टाकीचं नाव निघत नाही, कारण तिच्यात विकत घेण्यासारखं काही नसतं.

४. बांधकामापेक्षा मोठा प्रश्न राखण्याचा आहे, आणि इथं आपला इतिहास लाजिरवाणा आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आला. आत माणूस चालू शकेल एवढा तो प्रशस्त, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, पेठांत हौद. त्याआधी सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर आणली. जमिनीखालचं पाणी झिरपवून गोळा करणारी, माणूस उतरू शकेल अशी विवरं असलेली आणि दाबासाठी मनोरे बांधलेली. दोन्ही कामं पुढच्या शहरांनी अंगाखाली घेतली. कुठं पाया खणताना भोक पडलं, कुठं सांडपाणी शिरलं, कुठं विवरावर घर उभं राहिलं. तंत्र फसलं नव्हतं. सांभाळणारा माणूस गेला होता.

रोमचा पाणीपुरवठा इसवी सन ९७ मध्ये फ्राँटिनस नावाच्या अधिकाऱ्याकडे आला. त्याने लिहून ठेवलेला वृत्तान्त आजच्या कुठल्याही पाणीपुरवठा अभियंत्याने वाचावा. नऊ जलमार्ग, ठरलेल्या मापाच्या तोट्या, आणि त्या मापाला बगल देऊन रस्त्याखालून चोरून घेतलेल्या जोडण्या. चोरी करणाऱ्यांना कर्मचाऱ्यांचीच साथ, हेही त्याने लपवलं नाही. (नगरपालिकेत काम केलेल्यांना हे वाचताना परकं वाटणार नाही.) पण माझ्या मते त्याच्या वृत्तान्तातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मनुष्यबळाची नोंद: देखभालीसाठी ७०० जणांची कायम तुकडी. ते गुलाम होते, म्हणून त्या व्यवस्थेचा गौरव करण्याचं कारण नाही. मुद्दा इतकाच, की कमानी उभ्या राहिल्या त्या गवंड्यांमुळे, आणि पाणी वाहत राहिलं ते या तुकडीमुळे.

तेवढं लांब जायलाही नको. खानदेशात पांझरेवरच्या फड पद्धतीत शेतकऱ्यांनी नेमलेला पाटकरी असे. पाट फुटला, गाळ बसला, पाळी चुकली, की जाब त्याला. त्याचा मोबदला शेतकरीच देत. आपल्या नळपाणी योजनांत ठेकेदार असतो, उद्घाटन असतं, कोनशिला असते. पाटकरी नसतो.

५. पाणी पुरणार का? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर बादली आणि घड्याळ देतात. मे महिन्यात, म्हणजे झरा सर्वांत बारीक असताना, १५ लिटरची बादली एका मिनिटात भरली, तर तो झरा दिवसाला २१,६०० लिटर देतो. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे ३९० माणसांचं भागतं. बादलीला दोन मिनिटं लागली तरी १९५ माणसं, म्हणजे एक बरी वाडी. अट एकच, रात्रीचं पाणी वाहून जाता कामा नये. माणसं झोपतात तेव्हा झरा चालूच असतो, म्हणून एका दिवसाचं पाणी मावेल एवढी टाकी हवी. धो धो पाण्याचा शोध घेत आपण करंगळीएवढी धार हिशेबातच धरत नाही.

६. काही वाड्यांच्या वर पाणी नाहीच. कातळावर वसलेल्या, झऱ्याच्या वर राहणाऱ्या वस्त्यांना पंप लागेल, आणि तो द्यावाच. किनाऱ्यालगतच्या गावांचा प्रश्न खाऱ्या विहिरींचा आहे, तोही वेगळा. पण झऱ्याच्या डोक्यावर चिरेखाण सुरू करायची, रस्त्यासाठी डोंगराची कूस कापायची, आणि झरा आटल्यावर 'इथं पाणी नाही' असा शेरा मारून विंधण विहीर मंजूर करायची, हे चालणार नाही.

७. जुन्या पाटाबद्दल हळवं होणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पाट सगळ्यांचा नव्हता. देऊळ, आगरं, वरच्या घरांच्या विहिरी झाल्या की मग इतर वाड्या, आणि काहींच्या वाट्याला पन्हळीला हात लावण्याचाही अधिकार नाही. शेजारच्या महाडला १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच कोकणात. त्यामुळे पाट पुन्हा वाहता करताना पाणी कुणाला आधी, कुणाला किती, हे गावकीच्या रिवाजावर सोडता येणार नाही. ग्रामसभेत, लेखी, आणि टोकाच्या वाडीपासून सुरुवात करून ठरवावं.

८. आता सगळ्यांत मोठा पाट. तो आपल्याच जिल्ह्यात येऊन संपतो. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला येतं, वीज करतं, कोळकेवाडीला पुन्हा अडवलं जातं आणि शेवटी अवजल म्हणून वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं हे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी. जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १६ लाखांच्या थोडी वर. माणशी ५५ लिटरने वर्षाचा हिशेब केला तर सगळ्या जिल्ह्याचं पिण्याचं पाणी साधारण सव्वा टीएमसीच्या आत बसतं. हे अवजल मुंबईला न्यायची चर्चा अधूनमधून निघते. मुंबईला पाणी देऊ नये असं मी म्हणत नाही, पण वाटेतल्या तालुक्यांचा वाटा आधी ठरावा. आणि हेही खरं, की अवजल सखल भागात बाहेर पडतं. खेड-संगमेश्वरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यांना ते चढवून देणं म्हणजे ज्या पाण्याने वीज केली त्याच्यावरच पुन्हा वीज खर्च करणं. अवजल खालच्या गावांना, झरे वरच्या वाड्यांना, अशी वाटणी सोयीची. दोन्ही प्रश्नांवर एकच योजना शोधण्यात आपली बरीच वर्षं गेली.

९. गळतीची तक्रार कुणाकडे करायची हे गावाला माहीत असून भागत नाही, ती ऐकणारा जागेवर असावा लागतो. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. पाटाची, नळाची, छोट्या बंधाऱ्याची देखभाल ही किरकोळ बाब नाही, हे सांगायला याहून वेगळा दाखला मला सुचत नाही.

१०. तेव्हा जिल्हा परिषदेकडे आणि ग्रामपंचायतींकडे मागणी अशी. प्रत्येक गावाने आपले झरे आणि जुने पाट मालमत्तेच्या नोंदवहीत घ्यावेत, जिवंत आणि मेलेले दोन्ही. वाडीची कुठलीही नवी योजना मंजूर करताना उताराने पाणी का येणार नाही याचं कारण अभियंत्याने लेखी द्यावं. झऱ्याच्या वरच्या टापूत खाण आणि खोदाईला ग्रामसभेची हरकत ग्राह्य धरावी. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून दर गावाला एक पाटकरी नेमावा. त्याला पगार, कुदळ आणि एक वही द्यावी, आणि ती वही दर महिन्याला ग्रामसभेसमोर यावी. डिसेंबरात वनराई बंधाऱ्यांसाठी वाळूच्या गोण्या भरायला माणसं जमतातच, त्याच दिवशी पाटाची साफसफाईही उरकावी. आणि झऱ्याची मोजणी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात करावी. तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात, घरोघरी माणसं दुप्पट असतात, पाणी सर्वांत कमी असतं, आणि बादली धरायला हातही पुष्कळ असतात.