पुस्तक सोफ्यावर पडलेलं असू दे

बडोद्यात मराठी आपल्या कानांवर भरपूर पडतं, पण डोळ्यांना कितीसं दिसतं? दुकानांच्या पाट्या गुजरातीत, शिकणं बहुतेकांचं इंग्रजीत नाहीतर गुजरातीत. मराठी अक्षर दिसतं ते घरातल्या पुस्तकांवर. म्हणून 'छापील की किंडल' हा वाद आपल्याकडे पुण्यापेक्षा वेगळा आहे.

किंडलला नावं ठेवायचं कारण नाही. डिसेंबर २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकं मिळतात. अक्षर मोठं करता येतं, त्यामुळे आजीही वाचू शकते. (मला विचाराल तर एवढ्यासाठीच ते घ्यावं!)

पण आई किंडलवर काय वाचते, ते मुलाला कळतच नाही. त्याला दिसते फक्त स्क्रीन. छापील पुस्तक उशाशी, जेवणाच्या टेबलावर, कुठेही पडलेलं असतं. कुणीतरी सहज उचलतं, अक्षर लावत नाव वाचतं, "हे काय गं?" म्हणून विचारतं. दिवाळी अंक आधी कोणी वाचायचा यावरून भावंडं भांडतात. एकाच्या अकाउंटमधल्या पुस्तकासाठी कोण भांडणार?

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं. मग फिरत्या वाचनालयाच्या लाकडी पेट्या संस्थानातल्या गावांत जाऊ लागल्या. पुस्तक माणसासमोर नेऊन ठेवायचं, एवढा साधा हिशेब! घरात वेगळं काय करायचंय? ई-पुस्तकं खुशाल वाचा. त्यातलं आवडलेलं एखादं छापील आणा, आणि कपाटात बंद करू नका, सोफ्यावर टाका.